मूसाभाईच्या शेजारची सीट

आमच्या बसमध्ये सीटवर नंबर नाहीत, तरी कुणी कुणाच्या जागेवर बसत नाही. नवीन माणूस चुकून बसलाच, तर त्या जागेचा मालक नुसता येऊन उभा राहतो. तोंडाने काही म्हणत नाही. नव्याला आपोआप कळतं आणि तो मागे सरकतो. इतक्या वर्षांत बस बदलल्या, साहेब बदलले, पण ही पद्धत बदलली नाही. त्यामुळे माणसाचं नाव मला नंतर कळतं, जागा आधी कळते.

दिवाळी अंकासाठी लिही, असा गावाहून निरोप आला तेव्हा मी बरेच दिवस फोनच उचलला नाही. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी. पण संपादक आमच्याच वाडीतले, ते काही सोडेनात. म्हणाले, "एवढी वर्षं तिकडे काढलीस, कायतरी बघितलं असशीलच की." बघितलं म्हणजे काय, तर पुढे रस्ता आणि डोक्यावर आरसा. रस्त्यावर सांगण्यासारखं काही नाही, दोन्ही बाजूंना वाळू. आरशातलं सांगतो.

आमचा कॅम्प सौदीत, अल खफजी गावाच्या बाहेर. कुवेतची हद्द जवळच. समुद्रात तेलाची कामं चालतात, किनाऱ्यावर कंपनीचं यार्ड आहे. सकाळी कॅम्पातून माणसं यार्डात न्यायची, संध्याकाळी परत आणायची, हे माझं काम. गुहागर तालुक्यातला माणूस, समुद्राची सवय. पण इथला समुद्र दिसतो तो कुंपणापलीकडे.

बस चालवण्यात सांगण्यासारखं काय आहे, असं कुणाला वाटेल. स्टिअरिंग फिरवणं हा त्यातला सोपा भाग. कंपनीच्या बसला वेगाचा लगाम घातलेला असतो. पाय कितीही दाबा, ती ठरलेल्या वेगाच्या वर जात नाही. म्हणजे गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढता येत नाही, निघायलाच वेळेवर लागतं. कठीण भाग माणसांचा. त्यांना मोजायचं. माझ्या आधीच्या एका ड्रायव्हरच्या हातून भर उन्हाळ्यात एक माणूस यार्डात राहिला. पाइपांच्या सावलीत त्याला झोप लागली होती. बस निघून गेली. सापडला तेव्हा जिवंत होता, पण पुढे कामाचा राहिला नाही, त्याला घरी पाठवलं. तेव्हापासून यार्डातल्या बसला माणसं मोजल्याशिवाय हलायची बंदी झाली.

मी आधी बस धुवायच्या कामावर होतो. ड्रायव्हर कसा झालो ते सांगतो, कारण पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे. ड्रायव्हरची जागा रिकामी झाली आणि मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, साहेबाने सगळ्यांसमोर विचारलं, "या हिंदीची हमी कोण देतो?" हिंदी म्हणजे इथे भारतातला माणूस. माझ्या खोलीतले दोघंतिघं पुढे झाले. साहेब हसला. "तुम्ही तर एका ताटात जेवता. तुमचं काय ऐकायचं?" मी मान खाली घातली. तेवढ्यात मागून कोयाभाई बोलला. हा मलबारचा जुना ड्रायव्हर. पाण्याच्या नळावरून आमचं रोज भांडण. माझी बादली त्याने एकदा लाथेने उडवली होती. तो म्हणाला, "मला हा माणूस आवडत नाही, साहेब. पण बस धुवायला घेण्याआधी आत कुणी झोपलंय का, ते हा प्रत्येक सीटखाली वाकून बघतो. याला बस द्या."

बस मिळाली. खोलीतल्या मित्रांच्या शब्दाने जे झालं नाही, ते न पटणाऱ्या माणसाच्या एका वाक्याने झालं. कोयाभाई रिटायर होऊन गेला तेव्हा मी विमानतळावर सोडायला गेलो होतो. तिथेही भांडलाच, सामान नीट ठेवलं नाही म्हणून. पण आज माझ्या घराला जो स्लॅब आहे, तो त्या वाक्यावर उभा आहे. त्यामुळे ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याचा शब्द किती वजनाचा असतो, हे मला चांगलं माहीत होतं. निदान तसं वाटत होतं.

आता मूसाभाई.

माझ्या मागची पहिली जोडसीट मूसाभाई आणि हारून यांची. मूसाभाई खिडकीशी, हारून कडेला. दोघं एकाच गावचे. त्यांच्या देशाचं नाव मी लिहीत नाही. इथे राजकारण बोलायचं नसतं, आणि मी मुळात घाबरट. शिवाय ती माणसं अजून कामावर आहेत. एवढं सांगतो की त्यांच्या देशात लढाई चालू आहे, आणि आमच्या बसमध्ये निम्म्याहून जास्त माणसं तिथली.

मूसाभाई पहाड बांधणाऱ्यांचा फोरमन. उंच कामासाठी लोखंडी पाइपांची जी परांची बांधतात, ती बांधणाऱ्या टोळीचा मुख्य. धिप्पाड, दाढी पांढरी, आवाज खालचा. तो माणूस राहून गेल्याचा प्रकार झाला त्यानंतर मोजण्याचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. दारात उभा राहायचा, शेवटपर्यंत नजर फिरवायचा, मग जागेवर बसून म्हणायचा, "यल्ला." म्हणजे चला. तो शब्द माझ्या कानावर पडल्याशिवाय मी गिअर टाकत नसे. साहेब ओरडला तरी नाही.

हारून पाइप फिटर. जीभ तिखट. मूसाभाईला तो "म्हाताऱ्या" म्हणायचा आणि मूसाभाई त्याला "गाढवा". त्यांच्या भाषेतले शब्द वेगळे, पण अर्थ हाच, मी विचारून घेतला होता. आमचं बोलणं अर्धं अरबी, अर्धं हिंदी. इथे मी ते मराठीत लिहितोय. मला सगळे "सदीक" म्हणतात. म्हणजे दोस्त.

मूसाभाईचा मुलगा यूनुस लढाईवर होता. कधीमधी त्याचा फोन लागायचा. लागला की मूसाभाई स्पीकर चालू करायचा, आणि पहिल्या काही सीटांपर्यंत त्याचा आवाज यायचा. आधी वडिलांशी, मग "हारूनकाका आहेत का?" मग शेवटी, "सदीकला सलाम सांगा." मी त्याला कधी पाहिलेलं नाही. फोटोत मिशी नुकती फुटलेली. हारूननेच त्याला लहानपणी नदीत पोहायला शिकवलं होतं.

हारूनचा सख्खा भाऊही त्याच लढाईवर होता. तो लढाईच्या पहिल्याच हिवाळ्यात मारला गेला. तेव्हा मूसाभाई कितीतरी दिवस बसमध्ये हारूनच्या खांद्यावर हात टाकून बसायचा. आरशात मला दोन डोकी आणि एक हात दिसायचा.

मग त्यांच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली. लढाई चालू असतानाच. उभे होते दोघं. एक आधीपासून खुर्चीवर असलेला, त्याला बसमधले सगळे जनरल म्हणत. दुसरा एक डॉक्टर. डॉक्टरचं म्हणणं, लढाई थांबवून बोलणी करू. जनरलचं म्हणणं, जिंकल्याशिवाय थांबायचं नाही. परदेशातल्या त्यांच्या माणसांना रियाधला वकिलातीत जाऊन मत देता येणार होतं. आपल्याला तशी सोय नाही, आपलं मत गावी जाऊनच द्यायचं. माझं नाव यादीत अजून आहे की नाही, तेही मला ठाऊक नाही.

मूसाभाईने साहेबाकडून शुक्रवारची बस मागून घेतली. सुट्टीचा दिवस आणि कॅम्पापासून रियाध म्हणजे दिवस मोडणारा रस्ता. तरी त्याने एकेकाच्या खोलीवर जाऊन माणसं तयार केली. "डॉक्टर आला तर पोरं घरी येतील," एवढं एकच वाक्य. दुसरं भाषण नाही. कुणी फार ताणलं नाही. हारूनने तर "बरं म्हाताऱ्या, येतो" एवढंच म्हटलं आणि बुटाची नाडी बांधत बसला. मी ते पाहिलं होतं. त्यात काही वेगळं आहे असं तेव्हा मनात आलं नाही.

माझ्या खोलीतला शौकत कॅम्पाच्या मेसमध्ये आचारी, दाभोळकडचा. तो मला म्हणाला, "दिन्या, तुझ्या वाडीत सरपंच कोण आहे ते तुला म्हायत नाय, आणि निघालास दुसऱ्यांचा राष्ट्रपती करायला!"

"अरे, मी नुसती बस नेतोय."

"नेणाऱ्यालाच पयला धरतात. कुणी कायपण बोललं तरी तू पुढे बघ."

घरी फोन केला तर तिकडूनही तेच. "अहो, त्यांच्या भानगडीत पडू नका. इकामा सांभाळा." इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आमचा जीव त्यात. मी दोघांनाही हो म्हटलं.

रात्रपाळीची माणसं सुटेपर्यंत थांबायला लागलं, म्हणून निघायला उशीर झाला. सगळे इस्त्रीचे कपडे घालून, अत्तर लावून. बसचा वास रोजच्या घामाचा नाही, लग्नाचा. वेल्डर इलियास, बसमधला गमत्या, दारातच म्हणाला, "सदीक, आज हळू चालव, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी माणसं बसलीत." मूसाभाईने नजर फिरवली, बसला, "यल्ला."

नैरियाच्या पुढे मोकळा रस्ता लागतो. दुपारी जुम्म्याच्या नमाजासाठी एका पेट्रोल पंपाशी बस लावली. शेजारीच मशीद होती. माणसं फोन बंद करून आत गेली. मी चहा घेऊन बसच्या सावलीत बसलो. नमाज सुटली, माणसं चपला घालत बाहेर आली, फोन चालू केले, आणि सगळे फोन एकदम वाजायला लागले. एखाददुसरा नाही, सगळे. मला वाटलं त्यांच्या देशावर काहीतरी मोठं कोसळलं.

तसं म्हटलं तर कोसळलंच होतं. त्यांच्या भागात एक जुना पुढारी होता. सगळे त्याला थोरले काका म्हणत. उभा जन्म त्याने जनरलशी भांडण्यात घालवला होता. जनरलच्या तुरुंगात त्याचे दात गेले. मूसाभाईचा बापही त्याच्याबरोबर आत होता आणि तिथेच वारला. असा तो थोरला काका मतदानाच्या सकाळी बोलला होता. त्याचा आवाज आता पंपावर पन्नास ठिकाणांहून, थोडा पुढेमागे, येत होता. इलियासने मला अर्थ सांगितला. तो एवढाच होता: मी या माणसाला माफ केलेलं नाही. पण आज फौज त्याच्या हाताखाली आहे आणि फौजेला अर्ध्यावर सोडायचं नाही. माझं मत त्याला.

पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "खोटं आहे. आवाज बनवलेला आहे."

मूसाभाई म्हणाला, "नाही. त्याचाच आहे. दात नसलेला 'स' मी ओळखतो."

मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणे, विकला गेला. कुणी म्हणे, त्याच्या नातवाला धरून ठेवलं असेल. इलियास म्हणाला, "तुरुंगातलं जेवण आवडलं असेल, परत जायचंय." कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "ज्याचे दात गेले तोच सांगतोय, तर काहीतरी असेल ना? आपल्यापेक्षा त्याला जास्त राग असायला हवा."

हा मुद्दा मला कळला. कोयाभाई आठवला.

"त्याचे दात गेले होते," मूसाभाई म्हणाला, "आता जीभपण गेली."

तेव्हा हारून बोलला. तो एवढा वेळ पंपाच्या खांबाला टेकून गप्प उभा होता.

"काकाला शिव्या देऊ नकोस, मूसा."

मूसाने वळून पाहिलं. हारूनने त्याला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"का नको?"

"कारण तो बरोबर बोलतोय."

"हे तुला आज कळलं?"

"मला पहिल्यापासून कळलं होतं. बोललो नव्हतो." हारूनचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुझा डॉक्टर बोलणी करणार. बोलणी म्हणजे काय रे? नदीपलीकडची जमीन देणार. माझा भाऊ नदीपलीकडे पुरलाय. उद्या आईने विचारलं, माझ्या मुलाची कबर कुठे आहे, तर मी काय सांगू? दुसऱ्यांच्या देशात?"

"आणि यूनुस?" मूसाभाई म्हणाला. "माझा मुलगा त्या मातीवर उभा आहे, हारून. अजून मातीत गेला नाही. तू त्याला पोहायला शिकवलंस."

"शिकवलं."

"मग?"

"मग काय. माझ्या भावाला नाही शिकवलं? तोपण आला होता नदीवर."

यापुढे दोघं बोलले नाहीत. पण बाकीचे बोलत राहिले, आणि माणसं हळूहळू दोन बाजूंना सरकली. पंपाच्या दुकानाच्या सावलीत एक घोळका, मशिदीच्या भिंतीशी दुसरा. हारूनच्या बाजूचा मोठा. कॅम्पात खोलीखोलीवर जाऊन ज्यांना तयार केलं होतं, त्यांतलेच.

मी त्यावर पुढे खूप विचार केला. काकाच्या बोलण्याने त्यांचं मत बदललं, असं मला वाटत नाही. हारूनचं मत त्याच्या भावाबरोबरच ठरलं होतं. पण जिवंत मुलाच्या बापासमोर ते बोलायचं कसं? काकाने ती वाट करून दिली. दात गेलेला माणूस बोलू शकतो, तर मीही बोलू शकतो. त्या घोळक्यातले निम्मे तरी तसेच असतील. आणि आमच्या मिसरी साहेबाला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं, म्हणून कोयाभाईचा शब्द चालला. या माणसांना काय माहीत नव्हतं? यांच्या घरातली माणसं तिथे होती.

घड्याळ पुढे जात होतं. वकिलातीचं दार संध्याकाळी बंद होणार होतं. वकिलाती आहेत त्या वस्तीत शिरण्याआधी नाक्यावर प्रत्येकाचा इकामा बघतात, त्यात वेळ जातो. कुणी पोचलं नाही तर उद्या म्हणतील, हिंदी ड्रायव्हरने मुद्दाम उशीर केला. शौकतचं बोलणं आठवलं. तरी मी मूसाभाईजवळ गेलो. तो बसच्या पायरीवर बसला होता.

"मूसाभाई, आता निघालो तर पोचू. आणखी थांबलो तर नाही. बस वेगाने नेता येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्या मोठ्या घोळक्याकडे. ते अजून हातवारे करून बोलत होते. वेळेचं भान त्यांना नव्हतं, आणि ते आपणहून आणखी तासभर तरी हलले नसते. मला एकदम कळलं की याला काहीच करायची गरज नाही. नुसतं पायरीवर बसून राहिलं तरी पुरे. सगळ्यांचीच मतं बुडतील, पण त्यांची जास्त आहेत, म्हणजे त्यांची जास्त बुडतील. कुणी त्याला बोल लावला नसता.

"थांबू का, मूसाभाई?" मी विचारलं.

मूसाभाईच्या हातातल्या फोनवर यूनुसचा फोटो होता, तो त्याने अंगठ्याने पुसला, काच पुसतात तसा. मग उठला, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या आणि ओरडला, "बसा! सगळे बसा! ज्याला द्यायचं त्याला मत द्या, पण पोचा तरी!"

माणसं आली. हारून आला तेव्हा मूसाभाई दारात होता. हारूनला वाट देण्यासाठी तो अंग चोरून उभा राहिला. हारून आपल्या जागेपाशी थबकला आणि मागे निघून गेला. अगदी शेवटच्या लांब सीटवर. मूसाभाईने नजर फिरवली, शेवटच्या सीटपर्यंत, एकेक डोकं. तिथे क्षणभर थांबला असेल, पण मोजायला चुकला नाही. बसला.

"यल्ला."

आम्ही पोचलो. सगळ्यांनी मत दिलं. मी लांब पार्किंगमध्ये बसून होतो. परत येताना बसमध्ये गाणं नाही, गप्पा नाहीत. आरशात मूसाभाई, आणि शेजारी रिकामी सीट. त्यावर त्याने जेवणाचा डबासुद्धा ठेवला नाही.

जनरल जिंकला. बसमध्ये काही म्हणाले, काकाच्या शब्दाने जिंकला. शौकत म्हणाला, "खुर्चीत बसलेला माणूस लढाई चालू असताना हरतो काय? म्हातारा बोलला नसता तरी तोच येणार होता." मला आकडे कळत नाहीत. परदेशातली मतं थोडी असतात म्हणे, त्यात आमच्या एका बसची ती किती? देशात काकाच्या बोलण्याने काही झालं का, ते मला सांगता येणार नाही. माझ्या बसमध्ये काय झालं ते मी रोज बघत होतो. यार्डात पाइपांवर दोघं एकत्र काम करायचे, मूसा पहाड बांधायचा, हारून त्यावर चढायचा. एकमेकांच्या हवाली जीव करायचे. पण बसमध्ये आले की एक पुढे, एक मागे.

मध्यंतरी नेपाळहून नवीन माणसं आली. त्यांतला एक पहिल्याच सकाळी त्या रिकाम्या सीटवर बसला. मूसाभाई खिडकीबाहेर पाहत राहिला. मागून हारून उठला, सगळी बस ओलांडून पुढे आला आणि म्हणाला, "इथे नको बसू. ही माझी आहे."

नेपाळी घाबरून उठला. आता हा बसणार, म्हणून मी आरशात बघत राहिलो. हारूनने सीट हाताने झटकली आणि परत मागे जाऊन बसला.

इलियास कपाळावर हात मारून म्हणाला, "एक तिकीट, दोन सीट!" तेवढीच काय ती बस हसली.

एकदा यूनुसचा फोन लागला. आवाज तुटत होता. वडिलांशी बोलला, मग नेहमीसारखं, "हारूनकाका आहेत का?"

"आहेत. मागे बसलेत."

"मागे का?"

"तिथे एसी चांगला लागतो."

"त्यांना सलाम सांगा. सदीकलापण."

"सांगतो."

बस इतकी शांत होती की शेवटच्या सीटपर्यंत ऐकू गेलं असणार. हारूनने डोळे मिटले होते. त्याला झोप लागली नव्हती, झोपलेल्या माणसाची मान कशी डुलते ते मला ठाऊक आहे. माझ्या मनात आलं, गाडी थांबवावी, मागे जावं आणि त्याला म्हणावं, पंपावर तो नुसता बसून राहिला असता तर तुझं मत बुडालं असतं, हारून. त्याने तुला मोजलं, म्हणून ते पडलं. पण घरून ताकीद होती, शौकतची होती, आणि माझी स्वतःची भीती होती. मी पुढे बघत राहिलो. आज वाटतं, बोलायला हवं होतं. त्याने काही झालं असतं असं नाही. तरीपण.

थंडी सरत आली होती. एका सकाळी मी बस लावून दार उघडलं तर हारून सगळ्यांच्या आधी आला. मागे गेला नाही. आपल्या जुन्या जागेवर बसला, कडेच्या, खिडकीची जागा मोकळी सोडून. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! मिटलं एकदाचं, मनात म्हटलं. आरशातून मी त्याच्याकडे बघून हसलो. त्याने पाहिलं, हसला नाही. मला वाटलं, लाजतोय.

मूसाभाई आला. हारून उठून बाजूला झाला, त्याला खिडकीशी जाऊ दिलं, मग बसला. त्याने मूसाभाईच्या खांद्यावर हात टाकला. मी हसतच मागे वळलो. काहीतरी बोलणार होतो, "चला, आज चहा तुमच्याकडून" असं काहीतरी. तेवढ्यात पायरीवरून इलियासने माझा दंड धरला.

"यूनुस," तो म्हणाला. एवढंच.

माझं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते कसं पुसायचं ते मला कळेना. मी परत पुढे वळलो.

त्यांच्या देशात विमानं बंद होती, मूसाभाई जाणार कुठे? खोलीत एकटा बसण्यापेक्षा बसमध्ये बसणं बरं, असं त्याला वाटलं असेल. माणसं एकेक करून चढली. प्रत्येक जण त्या सीटपाशी जरासा थांबून मागे गेला. बस भरली. वेळ झाली. यार्डातून साहेबाचा फोन वाजला, मी उचलला नाही. मूसाभाई खिडकीबाहेर बघत होता. त्याने नजर फिरवली नाही, काही म्हटलं नाही. आणि तो म्हटल्याशिवाय मी बस हलवत नाही.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. इंजिन चालू होतं. कुणी मागून हाक मारली नाही.

मग हारून उठला. दारापाशी जाऊन उभा राहिला. पहिल्या सीटपासून शेवटच्या लांब सीटपर्यंत एकेक डोकं त्याने मोजलं, ओठ हलवत, सवय नसलेल्या माणसासारखं. मध्येच चुकला, परत पहिल्यापासून मोजलं. मूसाभाईलाही मोजलं. मग येऊन आपल्या जागेवर बसला.

"यल्ला, सदीक," तो हळूच म्हणाला.